डोंबिवली सोडून सांगलीला जावं का? (बंगला स्वस्तात मिळतोय)

खिडकीपाशी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. वन बीएचके, स्वतःचा, कर्ज फिटलेलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरात मी, नवरा, सातवीतली लेक आणि सासूबाई. त्यांचं वय ७४, दोन्ही गुडघे गेलेले, शुगर आहे. दिवाळीपासून त्या तीनदा खाली उतरल्या, त्यातल्या दोनदा डॉक्टरकडे जायला. तिसऱ्यांदा मतदानाला.

नवऱ्याचं काम २०२० पासून घरूनच चालतं. कंपनी बंगळुरूची. त्याचं टेबल ओट्याला चिकटून आहे, त्यामुळे कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे तिकडच्या साहेबांनाही माहीत असतं. लेक गॅलरीत बसून अभ्यास करते, म्हणजे वाळत घातलेल्या कपड्यांखाली.

सासूबाईंचं माहेर सांगलीचं, गावभागातलं. नवऱ्याच्या मामेभावाने तिथे हरिपूर रस्त्याकडचा एक बंगला सुचवलाय. तळमजला, वर एक खोली, पुढे अंगण, दोन नारळ. आमचा फ्लॅट विकला तर बंगला घेऊनही हातात बरी रक्कम उरते! नवरा रोज रात्री एक्सेल उघडून बसतो. त्या शीटप्रमाणे आपण अजून डोंबिवलीत आहोत हाच वेडेपणा आहे.

मला विचारायचंय ते असं: त्याची नोकरी अशीच घरून राहील का, लेकीला आठवीत शाळा बदलणं जड जाईल का, आणि सासूबाईंच्या औषधपाण्याचं तिकडे काय? जाऊन आलेल्यांनी, तिथेच राहणाऱ्यांनी मोकळेपणी लिहा.

भडंगवाला

ताई, बाकी सगळं नंतर. बंगला हरिपूर रोडला नेमका कुठं? आणि २०१९ ला तिथं पाणी कुठपर्यंत आलतं, हे विचारलंय का?

खिडकीपाशी

मामेभाऊ म्हणाला, "थोडं आलं होतं."

भडंगवाला

थोडं म्हणजे सांगलीत माळ्यावरची भांडी भिजली नाहीत असा अर्थ होतो.

गंमत सोडा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मोजतात. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. २००५ ला पाणी ५३ च्या वर गेलतं. म्हातारी माणसं म्हणायची, असा पूर परत आपल्या हयातीत नाही. २०१९ च्या ऑगस्टात ५७ च्या वर गेलं. मग २०२१ च्या जुलैत पुन्हा ५४-५५. सोळा वर्षांत तीनदा. आमच्या पोरांना हे आकडे पाढ्यासारखे पाठ आहेत.

मुंबईवाल्यांना वाटतं पूर म्हणजे धो धो पाऊस. आमचं तसं नाही. पाऊस पडतो महाबळेश्वरला, कोयनेला, वारणेच्या खोऱ्यात. वारणा हरिपूरलाच कृष्णेला मिळते. तुमच्या बंगल्याच्या दारातच म्हणा की. इथं कधी कधी चक्क ऊन असतं आणि पाणी बोट-बोट चढत असतं. ते आधी दारातनं येत नाही, गटारीतनं उलटं येतं. बाथरूमच्या जाळीतनं गुळगुळ आवाज आला की आम्ही गहू वर न्यायला लागतो.

२०१९ ला आमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं ते कितीतरी दिवस हललं नाही. उतरल्यावर आत गेलो तर फ्रीज उताणा पडलेला, ज्वारीचं पोतं फुगून फुटलेलं आणि सगळ्यावर चॉकलेटी गाळाचा थर. वास महिनाभर गेला नाही.

मी सांगली सोडलेली नाही, सोडणारही नाही. पण स्वस्त बंगल्याला इथं एक कारण असतं आणि ते भिंतीवर लिहिलेलं असतं. नवीन रंग असला तर खरवडून बघा.

पुणेरी_टोमणा

भडंग जयसिंगपूरचं असतं. सांगलीचं म्हणजे मुरमुऱ्याला लसूण दाखवलेला.

भडंगवाला

तुम्ही बाकरवडीवर बोला.

कोरा_सातबारा

वरच्या दोघांनी भडंग दुसऱ्या धाग्यावर न्यावं ही विनंती.

धागाकर्ती, कागदांचं सांगतो. वीस वर्षं हेच काम केलंय. पहिलं, पूररेषा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या. निळीच्या आत नव्या बांधकामाला सहसा परवानगी मिळत नाही. तिथे जुनं घर उभं असेल तर ते पाडून नवीन बांधायची वेळ आली की अडकू शकता. महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन सर्व्हे नंबर दाखवा आणि पूररेषेबद्दल लेखी मागा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

दुसरं, गुंठेवारी. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेले प्लॉट सांगलीत भरपूर आहेत. त्यासाठी २००१ चा कायदा आहे, त्याखाली प्लॉट नियमित करून घेता येतात, पण केले आहेत का ते बघायला हवं. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र नसेल तर नुसत्या खरेदीखतावर भुलू नका. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकाना न चुकता वाचा. तुमचं कर्जाचं कामच नाही म्हणता, तरी एक युक्ती सांगतो: थोड्या रकमेच्या कर्जासाठी बँकेत अर्ज करा. बँकेचा वकील कागद तपासतो. त्याने नाक मुरडलं तर तुम्हीही मुरडा.

फ्लॅट बघणार असाल तर हेही लक्षात असू द्या. जागा ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर महारेराची नोंदणी लागत नाही. लहान गावातल्या कितीतरी इमारती याच मापाच्या असतात. मग भोगवटा प्रमाणपत्र मागायची जबाबदारी सगळी तुमच्यावर.

परतीचा_प्रवासी

आम्ही २०२१ मध्ये ठाण्याहून साताऱ्याला गेलो आणि २०२३ मध्ये परत आलो. त्यामुळे माझं मत कडवट वाटेल, पण सातारा वाईट नाही. सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढून यायचो, पोरं सायकलवर शाळेत जायची, दुपारी घरी जेवायची. असं सुख ठाण्यात मला दिसलं नव्हतं.

चुकलं ते असं की ठाण्याचा फ्लॅट विकून गेलो. कंपनीने आधी महिन्यातून दोन दिवस पुण्याला बोलावलं. म्हटलं ठीक, ११० किलोमीटर तर आहे. मग आठवड्यातून एक दिवस. मग तीन. खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला की तुमची मीटिंग खंबाटकी घाटातच होते. शेवटी सोमवार ते बुधवार पुण्यात कॉट बेसिसवर राहायला लागलो, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, बावीस वर्षांच्या पोरांबरोबर. नोकरी बदलायची म्हटलं तर सगळे कॉल पुण्या-मुंबईचे. परत ठाण्यात घर बघायला गेलो तेव्हा विकलेल्या फ्लॅटच्या पैशात त्याच सोसायटीत बाथरूमसुद्धा आलं नसतं.

जा. पण विकू नका. भाड्याने द्या, भाड्याने राहा. आणि मिस्टरांच्या कंपनीकडून लेखी घ्या की गाव बदललं तरी पगार तोच राहील. काही कंपन्या गाव बघून पगार ठरवतात.

मिरजेचा_तंबोरा

औषधपाण्याचं मी सांगतो, जन्म मिरजेत गेला. या बाबतीत तुम्ही लहान गावात येताय हे डोक्यातून काढा. वॉनलेस हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकातलं आहे, सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ चं, आणि त्यांच्या आजूबाजूला इतके डॉक्टर आहेत की बेळगाव-विजापूरकडचे पेशंट रेल्वेने इथे येतात. गुडघ्याची ऑपरेशनं इथे रोजची आहेत. उलट डोंबिवलीहून दादर-परळला न्यायचं म्हणजे काय असतं ते तुम्हालाच माहीत.

मात्र आरोग्य विमा बघा. बऱ्याच पॉलिस्यांत शहरांचे झोन असतात. पत्ता सांगलीचा केला की हप्ता कमी होऊ शकतो, पण पुढे मुंबईत उपचार घेतले तर बिलाचा काही टक्का स्वतः भरावा लागेल अशी अट असू शकते. पत्ता बदलायच्या आधी ते पान वाचा.

आणखी एक. तुम्हाला स्कूटी येते का? विचित्र वाटेल, पण सांगलीत हे महत्त्वाचं आहे. लोकल नाही. सिटी बस आहे, वडाप (माणसं भरून नेणारी खासगी गाडी) आहे, रिक्षावाला सांगेल तो भाव आहे. ज्या घरातल्या बाईला गाडी येत नाही ती 'हे आले की जाऊ' म्हणत बसते. माझी आई तीस वर्षं असंच म्हणत बसली.

पुण्यातली_सांगलीकर

शाळेचं. सातवी संपवून एप्रिलनंतर बदललीत तर काही अडचण नाही. नववी-दहावीच्या मध्ये मात्र करू नका. दहावीला कोल्हापूर विभागीय मंडळ लागेल, एवढाच फरक. चांगल्या शाळा आहेत, क्लासचं पीक विश्रामबागेत आहे, विलिंग्डन कॉलेज आहे, वालचंद इंजिनीअरिंग आहे.

पण खरं सांगू? आमच्या वर्गातल्या साठ जणांपैकी सांगलीत आता सातेक उरलेत. बाकी पुणे, बंगळुरू, दोघं जर्मनीत. दर रविवारी संध्याकाळी सांगली स्टेशनवर बघा, आया डब्यांच्या पिशव्या खिडकीतून आत सरकवत असतात. तुम्ही लेकीला घेऊन जाल आणि पाच वर्षांनी ती तुम्हाला सोडून इकडेच येईल. मग आत्ता डोंबिवली सोडायची ती कोणासाठी, हे एकदा बोलून घ्या. (आई आत्ता हे वाचत असेल तर: मी पुढच्या आठवड्यात येतेय.)

आजची_भाजी

सगळे प्रतिसाद वाचले, मग तुमची मूळ पोस्ट पुन्हा वाचली. नवऱ्याची नोकरी, सासूबाईंचे गुडघे, मुलीची शाळा, नारळाची झाडं दोन. तुम्ही कुठे आहात त्यात? आयडी 'खिडकीपाशी' आहे म्हणजे लोकलने कुठेतरी जात असणार. तुमच्या नोकरीचं काय ठरलंय?

चाकरमानी_७१

+१. मीही हेच टंकायला आलो होतो.

पुणेरी_टोमणा

प्रत्येक धाग्यावर हा अँगल काढलाच पाहिजे का? बाईंनी विचारलेलं नाही, तर राहू द्या ना.

आजची_भाजी

बाईंनी विचारलेलं नाही म्हणूनच विचारलं.

खिडकीपाशी

दोन दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. काय लिहावं कळत नव्हतं.

मी अंधेरीला एका फर्ममध्ये अकाउंट्स बघते. एकोणीस वर्षं झाली. हातात ४६ हजार येतात. घर सोडल्यापासून परत येईपर्यंत साडेबारा तास. दादरला बदलताना गेल्या महिन्यात पायाला लागलं ते अजून दुखतंय. त्यामुळे सांगली म्हटल्यावर पहिली मीच म्हटलं, चला. माझी नोकरी सुटणार हे मी धरूनच चालले होते. त्याचं वाईट वाटत नव्हतं, खरंच. सकाळी सहाला न उठण्याची कल्पनाच इतकी गोड होती.

भाजीताईंची पोस्ट वाचून रात्री ती एक्सेल शीट उघडली. खर्चाच्या बाजूला सगळं होतं. माझा पास, माझा डबा, माझी रिक्षा, हे सगळं 'वाचणार' म्हणून हिरव्या रंगात. जमेच्या बाजूला माझे ४६ हजार नव्हतेच. कापलेलेही नव्हते. ती ओळच नव्हती. नवऱ्याला दाखवलं. तो वाईट माणूस नाही हो. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला, मग म्हणाला, "अगं, तू कंटाळलीयस म्हणून मी धरलंच नाही."

मी कंटाळलेय लोकलला. अकाउंट्सला नाही. मार्च एंडला सगळा ताळमेळ जुळतो तेव्हा मला अजून आवडतं. हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं हेही खरंय.

तर आता ओळ घातलीय. सांगलीत ओळखीतून दोन ठिकाणी विचारलं. एक हळदीचे व्यापारी, एक सीएंचं ऑफिस. दोघांनी मिळून आकडा सांगितला तो माझ्या आत्ताच्या पगाराच्या निम्म्याहून कमी. शीट अजूनही सांगलीच्या बाजूने आहे, पण पूर्वीइतकी ओरडत नाही.

परतीचा_प्रवासी

ही पोस्ट वाचून माझ्या बायकोने मला ज्या नजरेने बघितलं त्याचं वर्णन करत नाही. साताऱ्याच्या हिशेबात तिचा क्लासही नव्हता. चौदा वर्षांचा चित्रकलेचा क्लास, चाळीस मुलं.

कोरा_सातबारा

धागाकर्ती, सीएंच्या ऑफिसात जाण्यापेक्षा आत्ताच्या फर्मला विचारा की काम घरून देतील का. अकाउंट्सचं बरंचसं आता होतं. एकोणीस वर्षांच्या माणसाला नाही म्हणणं त्यांनाही जड जाईल. नाही म्हणाले तरी विचारायला पैसे पडत नाहीत.

भडंगवाला

ताई, एक सुचवतो. जून ते ऑक्टोबर इथं भाड्यानं राहून बघा. पावसाळ्यातली सांगली बघितल्याशिवाय घर घेऊ नका. उन्हाळ्यात समद्या नद्या गरीब दिसतात. विश्रामबाग, मिरज रोड, कुपवाडकडचा भाग बघा, तिकडं चढ आहे. शामरावनगरसारख्या भागात पुराशिवायसुद्धा नुसत्या पावसाचं पाणी साचतं, काळी माती आहे, तेव्हा तिथं गल्लीतल्या किराणावाल्याला विचारून मगच. एजंटला विचारू नका.

खिडकीपाशी

अपडेट. शनिवार-रविवार जाऊन आलो. कल्याणला रात्री महालक्ष्मी पकडली, सकाळी सांगली. सासूबाईंना खाली आणायला शेजारचे दोघं आणि प्लास्टिकची खुर्ची लागली, पण 'मी येणारच' म्हणाल्या.

बंगला छान आहे. खरंच छान. अंगणात फरशी, तुळशीवृंदावन, मागे कढीपत्ता. आतल्या भिंतींना खालून माझ्या खांद्यापर्यंत ऑइलपेंट, वर साधा रंग. मालक म्हणाले, "पुसायला सोपं जातं." भडंगवाल्यांची आठवण झाली. विजेचे सगळे बोर्ड छताजवळ होते, स्टूल घेतल्याशिवाय पंखा लागणार नाही इतके वर. नवऱ्याने हे बघितलं आणि काही बोलला नाही.

शेजारच्या काकूंनी चहाला बोलावलं. त्यांच्याकडे जिन्याच्या अकराव्या पायरीवर लाल रेघ आहे, खाली '२०१९'. '२०२१' ची दोन पायऱ्या खाली. मी विचारलं, मग तुम्ही राहता कशा? त्या म्हणाल्या, "आम्ही नंतर आलो असतो तर राहिलो नसतो. पाणी आलं की वर जायचं, गेलं की खाली यायचं. आमचं सामान आता वर जायला शिकलंय." परत निघताना त्यांनी पिशवीभर कढीपत्ता दिला. सासूबाई मात्र रिक्षात गप्प होत्या. मारुती चौकातून जाताना म्हणाल्या, "आमच्या वेळी पाणी पायरीला लागलं की आई ओटी भरायची." मग थोड्या वेळाने, "आत्ता मला पायऱ्या चढता येत नाहीत."

बंगला नाही घेत आहोत.

विश्रामबागेत एक फ्लॅट बघितला. दुसरा मजला, टू बीएचके, भाडं अकरा हजार. लिफ्ट आहे, चालू आहे हे मी तीनदा वर-खाली करून बघितलं. डोंबिवलीचा फ्लॅट विकत नाही, भाड्यानेही लगेच देत नाही. जूनमध्ये नवरा आणि सासूबाई पुढे जातील. लेक आणि मी इथेच, तिची आठवी इथेच सुरू होईल. दिवाळीत ठरवू. दोन घरांचा खर्च पाच महिने अंगावर येईल, शीट लालभडक झालीय. फर्ममध्ये विचारलं. साहेब म्हणाले, "आठवड्यातून दोन दिवस तरी यावं लागेल," मग म्हणाले, "बघू." म्हणजे अजून काहीच नाही. पण नाही म्हणाले नाहीत.

पुण्यातली_सांगलीकर

दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सासूबाईंना माझ्या आईचा नंबर देऊ का? तीही विश्रामबागेतच असते. तिला भिशीला माणसं हवी आहेत.

आजची_भाजी

स्कूटीचं काय झालं?

खिडकीपाशी

@पुण्यातली_सांगलीकर, नक्की, व्यनि (खासगी निरोप) करते. @आजची_भाजी, क्लास लावलाय, रविवारी सकाळी, एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर. काल गाडी पडली, मी नाही पडले. लेक व्हिडिओ काढत होती.

सासूबाई विचारतायत तुळशीची कुंडी न्यायची की तिथे नवीन लावायची. डोंबिवलीच्या गॅलरीतली अकरा वर्षांची आहे.

भडंगवाला

कुंडी घेऊनच या. गाडीत मधल्या सीटखाली बसते. पाणी आदल्या दिवशी घाला, त्या दिवशी नको, नायतर सगळा चिखल शेजाऱ्याच्या चपलेत.